जानेवारीतला माज: इंदूरच्या एका चितळवाड्याचे प्रकरण

इंदूरच्या हद्दीतला एक बंदिस्त चितळवाडा. जागा दीड एकर, भोवती आठ फुटी जाळी, आत कडुनिंबाची आणि बाभळीची पाच-सात झाडे, दोन गव्हाणी, पाण्याची एक टाकी. कळपात ४ प्रौढ नर, १२ माद्या आणि ५ पाडसे. नर-मादी बारा महिने एकत्र. हे प्रकरण शिकवणीसाठी रचले आहे, ते कोणत्याही एका संस्थेचे नाही. कळपाची संख्या आणि तारखा त्यापुरत्याच. त्यातल्या चुका मात्र बंदिस्त कळपांत नेहमी होतात त्याच आहेत.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यातला एक नर पहाटे आरोळ्या देऊ लागला. त्याचा डावा कान फाटका, म्हणून कीपर लोक त्याला कानफाट्या म्हणत. दोन दिवसांत तो गव्हाणीकडे फिरकेनासा झाला. एकाच मादीच्या मागे मान लांब करून चालायचा, ती मुतली की जमीन हुंगून वरचा ओठ मागे ओढायचा आणि डोके वर करून काही क्षण तसाच उभा राहायचा. मधेच मागच्या दोन पायांवर उभे राहून डोक्यावरच्या फांदीला तोंड आणि शिंगे घासायचा. कडुनिंबाच्या दोन खोडांची साल उतरली. बाकीचे तीन नर जाळीच्या कडेला दबून राहू लागले आणि त्यांतल्या एकाच्या डाव्या शिंगाच्या टोकातून रक्त येताना दिसले.

सगळ्यात अनुभवी कीपरने डॉक्टरांना विचारले ते अगदी रास्त होते: "साहेब, ह्यांचा माज तर उन्हाळ्यात असतो. हा आत्ताच का पिसाळला?"

"दादा, बाकीच्या तिघांची शिंगं बघा, मग ह्याची बघा," एवढेच उत्तर मिळाले. तिघांची शिंगे मखमलीत होती: गोलसर टोकांची, केसाळ, हात लावला तर ऊबदार. कीपर त्यांना कच्ची शिंगे म्हणतात. कानफाट्याची पक्की होती, टोके घासून पांढरी झालेली. प्रकरणाची किल्ली इथेच होती. पण ती लक्षात घ्यायच्या आधी व्यवस्थापनाने आणखी तीन कारणे धरून पाहिली, आणि त्यांतल्या एकाने नुकसान केले.

पहिले कारण खुराकाचे. डिसेंबरपासून चुनी-चोकरात (डाळींचा चुरा आणि गव्हाचा कोंडा) सोयाबीनची पेंड वाढवली होती, म्हणून "गरम खुराकाने चढला" असा निष्कर्ष निघाला आणि सगळ्या कळपाचा खुराक बंद झाला. खुराकाने माज चढत नाही. चांगला खुराक एवढेच करतो की माद्या अंगाने भरलेल्या राहतात आणि कोणत्याही महिन्यात गाभण राहू शकतात. जंगलात उन्हाळ्याअखेरचा चारा त्यांना रोडावतो, वाड्यात तो लगाम नसतो. खुराक तोडल्याने नरावर काहीच परिणाम झाला नाही, कारण तो तसाही खात नव्हता. फटका पाडसे पाजणाऱ्या माद्यांना बसला.

दुसरी शंका रेबीजची. ही घेतली हे बरोबरच झाले. आरोळ्या, आक्रमकपणा आणि खाणे सुटणे ही तिन्ही लक्षणे दोन्हीकडे असतात आणि शहराच्या कडेला भटकी कुत्री असतातच. पण रेबीजमध्ये जनावराचे हेतू दिसत नाहीत. ते खांबावरही धावून जाते, लाळ गळते, मागचा भाग लुळा पडत जातो, आवाज बदलून घोगरा होतो आणि थोड्याच दिवसांत मरण येते. कानफाट्याची प्रत्येक हालचाल कुणाला तरी उद्देशून होती: मादीसाठी पाठलाग, नरासाठी धमकी, झाडासाठी वास. लाळ नव्हती, चाल सरळ होती. तोंड आणि खूर तपासून लाळ-खुरकतही बाजूला काढता आला. तरीही पहिले पाच दिवस कोणी आत एकटे जायचे नाही आणि लाळेशी संबंध येऊ द्यायचा नाही, ही खबरदारी योग्यच होती.

तिसरे कारण म्हणजे "हा नरच वाईट". नाव एकदा कानफाट्या पडले की पडले. त्याच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी ठरली.

शिंगांचे वेळापत्रक

चितळ नराची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. गळल्यावर वाढीला साधारण चार ते पाच महिने लागतात. तोवर त्यांच्यावर केसाळ कातडी, म्हणजे मखमल, असते, तिच्यात भरपूर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. नराच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक वाढू लागले की शिंग आतून कडक होते, कातडीचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि नर ती झाडावर घासून काढतो. हेच टेस्टोस्टेरॉन माजाची वागणूकही आणते. ते उतरले की शिंगे गळतात. म्हणून शिंगांकडे पाहून नराच्या शरीरात काय चालले आहे ते दुरूनच वाचता येते, त्याला हात लावावा लागत नाही.

थंड देशांतल्या लाल हरणात हे सगळे दिवसाच्या लांबीवर बांधलेले असते. दिवस आखूड झाले की मेंदूतल्या मेलाटोनिन या संप्रेरकाच्या इशाऱ्याने सगळे नर एकाच वेळी माजावर येतात. इंदूरला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आसपास, सर्वांत लहान पावणेअकराच्या. फरक तीन तासांहून कमी. चितळ मुळात अशाच पट्ट्यातला प्राणी आहे आणि तो दिवसमानाची फारशी पर्वा करत नाही. इंग्लंडात व्हिप्सनेडच्या प्राणिसंग्रहालयात ठेवलेल्या चितळांवरचा एक अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे उन्हाळा-हिवाळ्याच्या दिवसांतला फरक आपल्या तिपटीच्या आसपास आहे, तरीही नरांची शिंगे एकमेकांच्या तालात आली नव्हती. प्रत्येक नराचे वर्ष त्याचे स्वतःचे.

मग "उन्हाळ्यातला माज" हे काय आहे? तो खराच आहे, पण तो जोर आहे, सीमा नव्हे. वन्यजीव अभ्यासक जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात मध्य प्रदेशातल्या कान्हात चितळांचा अभ्यास केला. तिथे बहुतेक नर उन्हाळ्यात पक्क्या शिंगांचे असतात आणि माजाचा जोर मेच्या आसपास येतो. पण पक्क्या शिंगांचा एखादा नर वर्षाच्या कोणत्याही महिन्यात सापडतो आणि पाडसेही बारा महिने दिसतात. जंगलातल्या शंभराच्या कळपात असा नर कुणाच्या नजरेत भरत नाही. दीड एकरात चार नर असले की तोच सगळ्यांना दिसतो. अवेळी माज म्हणून जे दिसते ते बहुधा लहान कळपातले नेहमीचेच चितळ असते.

हा नियम सगळ्या हरणांना लावू नये. सांबर आणि बाराशिंगा जास्त शिस्तीचे आहेत. मध्य भारतात सांबराचा माज नोव्हेंबर-डिसेंबरकडे, कान्हातल्या बाराशिंग्याचा डिसेंबर-जानेवारीकडे. सांबर मे महिन्यात चिखलात लोळून आरोळ्या देऊ लागला तर मात्र डॉक्टरांना बोलवावे. भेकराचा नर कच्च्या शिंगांतही प्रजननक्षम असतो. आणि काळवीट या गटात येतच नाही, त्याची शिंगे गळत नाहीत, त्यामुळे त्याच्या डोक्याकडे पाहून महिना सांगता येणार नाही. चितळाच्या बाबतीतही एक सावधगिरी: कच्ची शिंगे म्हणजे नर हमखास नापीक, असे धरू नये. तो शिंगांनी भांडत नाही, एवढेच.

जानेवारीच्या त्या वाड्यातला डाव आता उघड होतो. चितळात पक्क्या शिंगांचा नर कच्च्या शिंगांच्या नराला दबवतो, मग वजन आणि वय काहीही असो. कच्चे शिंग दुखते, त्याने टक्कर घेता येत नाही. कानफाट्या चौघांत सर्वांत मोठा नव्हता, पण त्या महिन्यात हत्यार एकट्याकडे होते. माद्या साधारण अडीच-तीन आठवड्यांच्या चक्राने माजावर येतात आणि माज एखाद-दोन दिवसच टिकतो. चितळ नर माद्यांचा घोळका राखत नाही. माजावर आलेली एक मादी धरतो, ती संपली की पुढची शोधतो. १२ माद्यांत रोज कुठलीतरी माजाजवळ असायचीच, म्हणून त्याचा पाठलाग थांबता थांबेना.

चुकलेले पाऊल

चौथ्या दिवशी त्याला वेगळा करायचे ठरले आणि सहा माणसे जाळे घेऊन आत शिरली. दुपारचे दोन वाजले होते. पाऊण तास कळप या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. शेवटी नर जाळ्यात आला तेव्हा तो तोंड उघडून धापत होता. पुढचे दोन दिवस त्याचे मागचे पाय ताठ, मान खाली, लघवी गडद तपकिरी. ही पाठलागाने स्नायू फुटण्याची लक्षणे. स्नायूंतले रंगद्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पाडते. हरणे कधी पकडताना वाचतात आणि तीन-चार दिवसांनी मरतात, ती यामुळेच. सलाईन, सावली आणि शांतता यांवर कानफाट्या वाचला. न वाचता तरी कुणाला आश्चर्य वाटले नसते.

योग्य पद्धत कंटाळवाणी आहे, म्हणून ती टाळली जाते. वाड्याच्या एका कोपऱ्यात निमुळत्या तोंडाची कोंडी बांधायची, बाजूंना हिरवे शेडनेट किंवा चटया लावून ती आरपार दिसेनाशी करायची आणि आठ-दहा दिवस खुराक फक्त तिथेच टाकायचा. दार दोरीने दुरून पाडायचे. माजातला नर खायला येत नाही हे खरे, पण तो मादीच्या मागे येतो. माद्या आत गेल्या की तोही जातो, मग माद्यांना दुसऱ्या दाराने बाहेर सोडायचे. काम थंडीच्या सकाळी, ऊन चढायच्या आत. भूल द्यायचीच असेल तर ती डार्टने (दुरून मारायच्या सुईने), पशुवैद्याच्या हातून, आणि झायलाझिन हे गुंगीचे औषध वापरले तर उतारा म्हणून योहिम्बिन किंवा अटिपामेझोल हाताशी ठेवून.

दुसरी चूक जागेची. त्याला शेजारच्या खोपटात ठेवले आणि मधे नुसती जाळी होती. वेगळा केल्यापासून पाचव्या दिवशी बाकीच्या तिघांपैकी सर्वांत मोठ्या नराची मखमल उतरू लागली, शिंगांवर रक्ताळ चिंध्या लोंबू लागल्या. कीपरांना वाटले जखम झाली. तो जखमी नव्हता, त्याचे वेळापत्रक त्याच आठवड्यात पक्क्या शिंगांवर आले होते. त्याने मोकळी झालेली गादी लगेच घेतली, आणि जाळीच्या दोन बाजूंना दोघे नर शिंगे अडकवून उभे राहिले. वायर कापून त्यांना सोडवावे लागले. दोन वाड्यांमधला पडदा जमिनीपासून निदान सहा फूट आणि पूर्ण अपारदर्शक हवा. वास येतोच, पण चितळाला लढायला प्रतिस्पर्धी दिसावा लागतो.

मखमल उतरणे आणि मखमल फाटणे यांतला फरक प्रत्येक कीपरला दाखवून ठेवावा. उतरताना दोन्ही शिंगांवर, वाळलेल्या पट्ट्या, खाली कडक हाड, वास नाही, नर स्वतःहून घासतो. फाटलेली असते तेव्हा एकाच बाजूला, गरम सूज, ताजे रक्त आणि नर डोके कशालाही लागू देत नाही. सुरुवातीला रक्त आलेल्या नराचे डावे शिंग असेच फाटले होते. थंडीत माश्या कमी म्हणून तो निभावला. दूरवरून जंतुनाशकाचा फवारा आणि कडुनिंब तेलाचा लेप एवढे पुरले. ही जखम पावसाळ्यात झाली असती तर दोन दिवसांत अळ्या पडल्या असत्या. शिंग त्या वर्षी वाकडे वाढले, ते पुढच्या वर्षी गळेल. शिंगाच्या बुडाला, कवटीच्या खुंटाला इजा झाली असेल तर मात्र वाकडेपण कायमचे राहू शकते.

पर्याय कोणते होते

शिंगे कापावी का, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला. पक्के शिंग म्हणजे मेलेले हाड. बुडाच्या कंगोऱ्यावर दोन-अडीच इंच सोडून करवतीने कापले तर दुखत नाही, रक्त येत नाही. त्याने भोसकण्याचा धोका जातो, माज जात नाही. कच्चे शिंग असे कधीही कापू नये. आणि चितळ हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खालचा प्राणी असल्याने कापलेल्या किंवा गळलेल्या शिंगांची नोंद करून ती जमा करावी लागतात. कुणाच्या दिवाणखान्यात जाता कामा नयेत.

नसबंदीचा पर्याय ऐकायला सोपा. नर गाभण करत नाही, पण टेस्टोस्टेरॉन तसेच राहते, म्हणजे पाठलाग तसाच. शिवाय माद्या गाभण न राहिल्याने दर तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येतात, वाड्यातली धावपळ वाढतेच. खच्चीकरणाने वागणूक शांत होते, पण पक्क्या शिंगांच्या नराला खच्ची केले तर ती शिंगे काही आठवड्यांत गळतात आणि नंतरची कायमची कच्ची राहतात, दर पावसाळ्यात माश्यांना आमंत्रण. दीड एकराच्या वाड्याला या सगळ्यापेक्षा नर-मादी वेगळे करणे स्वस्त पडते. बंदिस्त चितळांची संख्या आधीच डोईजड होते आणि जास्तीची जनावरे देण्याआधी केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या नियमांतून जावे लागते, हेही विसरू नये.

वेगळे करायचे, पण केव्हा? इथे हिशेब मांडला तर वाद राहत नाही. चितळाचा गर्भकाळ साधारण २३२ दिवस धरा, आठवडाभर इकडे-तिकडे. १२ जानेवारीला लागलेली मादी १ सप्टेंबरच्या आसपास विणार. इंदूरला पाऊस जूनच्या मध्यानंतर लागतो आणि सप्टेंबरअखेर हटतो. १५ जून ते ३० सप्टेंबर या काळात पाडसे नको असतील तर २३२ दिवस मागे जा: २६ ऑक्टोबर ते १० फेब्रुवारी. दोन्ही टोकांना दहा-अकरा दिवसांची सूट ठेवली की १५ ऑक्टोबर ते २० फेब्रुवारी हा नरांना बाहेर ठेवण्याचा काळ. म्हणजे ज्या महिन्यांत "आता माज नाही" म्हणून कोणी लक्ष देत नाही, नेमक्या त्याच महिन्यांत वेगळेपणाची गरज असते. उन्हाळ्यातला जोराचा माज या वाड्याला त्रासाचा नाही, त्याची पाडसे डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत येतात.

हिशेब चालायला मादी ओळखता आली पाहिजे. चितळाच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक जनावराची वेगळी असते. उजव्या कुशीचा एक फोटो, त्याला क्रमांक, आणि नर कुठल्या तारखेला कुठल्या मादीमागे होता ही एक ओळ. मोबाइलवर हे रोज पाच मिनिटांचे काम आहे. या प्रकरणात तिसऱ्या दिवसापासून ही नोंद सुरू झाली आणि जानेवारीअखेर चार माद्यांच्या तारखा हातात होत्या. त्यांतली एक एकोणीस दिवसांनी पुन्हा नराला उभी राहिली, म्हणजे पहिल्या वेळी राहिली नव्हती. तिची तारीख पुढे सरकवली.

पावसातली पाडसे

लागलेल्या माद्यांचे गर्भ पाडण्याचा विचार पुढे आला आणि तो सोडून दिला, कारण इंजेक्शनसाठी प्रत्येक मादी पकडावी लागली असती आणि पकडण्याचे फळ नुकतेच पाहिले होते. त्याऐवजी मे महिन्यातच तयारी केली. माळव्याची काळी माती पावसात पाणी सोडत नाही. चितळाची मादी विल्यावर पाडसाला गवतात दडवते, पहिला आठवडाभर ते तिथेच पडून असते आणि आई दिवसातून काही वेळाच पाजायला येते. वाड्यातली ती दडायची जागा चिखलाची असली तर नाळ ओली राहते, तिथून जंतू शिरतात, सांधे सुजतात, अळ्या पडतात. तीन-साडेतीन किलोच्या जिवाला रात्रभर भिजणेही पुरते.

म्हणून तीन ठिकाणी मुरमाचे ओटे घातले, नऊ इंच उंच, एका बाजूला उतार, वर गवती छप्पर, खाली भाताचा पेंढा. ओट्याभोवती उभ्या बांबूंचे कुंपण, दोन बांबूंत पाडू शिरेल पण नर शिरणार नाही एवढे अंतर. ते फूटपट्टीने न ठरवता वाड्यातल्याच मोठ्या पाडसावर मोजून घेतले. एक मोठी गव्हाण काढून चार लहान, पंचवीस-तीस फुटांवर ठेवल्या, म्हणजे एक नर सगळ्या अडवू शकत नाही. खुराक मार्चमध्येच पूर्ववत झाला होता: हिरवा चारा, बरसीम मिळेतोवर बरसीम, वर अर्धा किलोच्या आत चुनी-चोकर आणि चाटायला खनिज विटा. पावसाआधी जंतनाशक खुराकातून. जाळीच्या बुडाशी जिथे माती वाहून जाते तिथे दगड ठोकले, कारण कुत्री तिथूनच येतात.

पाडसाला हात लावण्याचा मोह आवरणे हे सगळ्यात अवघड. नाळ कोरडी असेल तर जवळ जायचेच नाही. ओली किंवा मळलेली असेल तरच पहिल्या दिवशी, रबरी हातमोजे घालून, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवून दोन मिनिटांत मागे फिरायचे. एकटे पडलेले पाडस अनाथ नसते. चोवीस तासांत आई एकदाही आली नाही, पोट आत गेलेले आहे आणि ते ओरडते आहे, हे तिन्ही एकत्र दिसले तरच उचलावे.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा तिसरा आठवडा या काळात चार पाडसे झाली. एक पहिल्याच रात्री ओट्याबाहेर भिजून मेले, तीन जगली. त्यांत दोन नर आहेत, आणि पुढचा प्रश्न त्यांचाच आहे. नराच्या पहिल्या शिंगांची सुरुवात वयावर आणि अंगावर अवलंबून असते, त्यामुळे सप्टेंबरचे नर पुढेही बाकीच्यांच्या तालात नसण्याची शक्यता मोठी. त्यांची नावे वेगळ्या पानावर घेतली आहेत, शिंगांची अवस्था दर महिन्याच्या पहिल्या तारखेला भरायची: कच्ची, उतरती, पक्की, गळलेली. ऑक्टोबरच्या १५ तारखेला नरांच्या वाड्यात जाणाऱ्यांच्या यादीत ते पहिल्या वर्षी नसतील, दुसऱ्या वर्षी असलेच पाहिजेत. कानफाट्याही त्या यादीत आहे, इतर तिघांबरोबर, त्याच्यासाठी वेगळी शिक्षा नाही.